क्लॅरीची पन्नास मिनिटं

बेंडिगो, २ मार्च

प्रिय इल्माकाकू,

तुम्ही मला ओळखणार नाही. मी जोसलिन, एव्हिस ट्रेम्बाथची भाची. क्लॅरीकाकांच्या अंत्यविधीला मी अगदी मागे उभी होते. तुमच्याजवळ येऊन काय बोलावं ते सुचलं नाही, म्हणून तशीच परत फिरले. आत्याला त्यांनी त्या वणव्यातून बाहेर काढलं आणि स्वतः गेले. आम्ही हे कसं फेडणार?

आत्याला इकडे माझ्या घरी आणलं त्याला पाच आठवडे झाले. पाठीवरचं भाजलेलं भरत आलंय, पण ती जेवत नाही. सकाळी अर्धा कप चहा, संध्याकाळी पावाचा एक कोपरा. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई किती दिवस तग धरणार? खुर्ची भिंतीकडे फिरवून बसते. मी म्हटलं, "आत्या, इकडे तोंड कर, बाग दिसेल." तर म्हणाली, "भिंत बरी आहे. ती काही विचारत नाही."

मला वाटतं, तिला तिच्या वह्यांचं दुःख आहे. 'मरिंडा मेसेंजर'मध्ये दर गुरुवारी चाळीस वर्षं तिने 'मागचं दार' लिहिलं. त्याची सगळी कात्रणं एकतीस वह्यांत चिकटवली होती. वह्या गेल्या, आणि पेपरच्या कचेरीतल्या फायलीही त्याच दिवशी गेल्या. म्हणून मी रेडिओवाल्यांना सांगितलं, की कुणाकडे तिचं जुनं लिखाण असेल तर पाठवा म्हणावं. ती लिहायची थांबली त्याला नऊ वर्षं झाली, तेव्हा दहा-पाच पाकिटं येतील असा माझा अंदाज होता. काकू, त्र्याहत्तर पार्सलं आली आहेत! एका बाईंचं कात्रण फडताळाच्या आतून निघेना, तर त्यांनी फडताळाचं दारच बिजागऱ्यांसकट काढून पाठवलंय.

आत्याने एकही उघडलेलं नाही.

तुम्ही तिच्या चाळीस वर्षांच्या शेजारी. फोनवर तिला ऐकू येत नाही. दोन ओळी लिहाल का तिला? तुमच्यावर काय कोसळलंय हे ठाऊक असून मागते आहे. दुसरं कुणी नाही.

तुमची,
जोसलिन


डेव्हनपोर्ट, टास्मानिया, ११ मार्च

एव्हिसताई,

मी इथे बहिणीकडे आहे. समुद्राच्या बाजूची खोली दिली आहे तिने. सगळे फार जपून बोलतात माझ्याशी, त्याचाच कंटाळा येतो. तुमच्या जोसलिनचं पत्र आलं. तुम्ही जेवत नाही म्हणे. हे काय चालवलंय? क्लॅरीने तुम्हाला ओढून काढलं ते उपाशी मारायला नाही.

तो गुरुवारी काय करायचा, तुम्हाला कधी सांगितलं नाही मी. पेपर आला की हात न धुता बसायचा, मासे सोलायच्या सुरीने तुमचं सदर कापायचा, आणि मी भांडी घासत असताना मोठ्याने वाचायचा. मला म्हणायचा, "बघ, ताईंनी तुझ्या लिंबाच्या लोणच्याचं नाव घेतलंय." तुम्ही घेतलेलं नसायचं. तोच मधे घुसडायचा.

मला एक विचारायचंय. त्या दिवशी अग्निशमन ब्रिगेडच्या शेडमध्ये वायरलेसवर मीच बसले होते, हे तुम्हाला माहीत आहे. दोन एक्कावन्नला तो बोलला, "एव्हिसताईंच्या फाटकाशी आहे, त्यांना घेतो नि निघतो." झाड पडलं तीन-चाळीसला. तुमच्या फाटकापासून त्या वळणापर्यंत गाडीने तीन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. मधली पन्नास मिनिटं तो कुठे होता?

तुमचा गुडघा आखडला होता का? गाडी चालू होईना का? त्याला चक्कर आली का? काहीही असो, मला फक्त ती पन्नास मिनिटं द्या. त्याला शेवटचं तुम्हीच पाहिलंत. माझ्याकडे त्याचं दुसरं काहीच उरलेलं नाही, साधा सदराही नाही.

तुमची,
इल्मा


बेंडिगो, २४ मार्च

प्रिय इल्मा,

पत्र पोहोचलं. क्लॅरी यायला साडेतीन झाले असावेत. धुरात वाट चुकला असेल. आला, मला गाडीत बसवलं आणि आम्ही निघालो. तो फारसं बोलला नाही. यापलीकडे मला काही आठवत नाही. माझं वय झालं आहे.

तुझ्या ओळखीत कुणी मला कात्रणं पाठवणार असेल तर कृपा करून थांबव.

एव्हिस


बेंडिगो, ६ एप्रिल

प्रिय इल्माकाकू,

तुम्ही आत्याला नेमकं काय लिहिलंत? रागाने विचारत नाही. पण तुमचं पत्र आल्यापासून ती आणखी खचली.

परवा मी दुकानात गेले होते. परत येते तर मागच्या अंगणातून धूर. शेजारच्या बाई कुंपणावरून ओरडत होत्या, "अहो, आजींना आवरा!" आत्या पिंपाशी उभी होती आणि न उघडलेली पार्सलं एकेक करून त्यात टाकत होती. अकरा जळली. बाराव्याची दोरी तिच्या बोटांत अडकली, म्हणून तेवढं वाचलं. पुन्हा हात भाजून घेतला. मी ओरडले, "आत्या, लोकांनी जिवापाड जपलेलं आहे हे!" ती म्हणाली, "म्हणूनच."

आणि लोक तर थांबेनात. पार्सलं दोनशेच्या वर गेली आहेत. गेल्या आठवड्यात हॅडन म्हणून एक म्हातारे दोनशे मैल गाडी हाकत आले, हातात बिटाच्या लोणच्याची बरणी. म्हणाले, "बाईंनी एकदा लिहिलं होतं, भावाशी अबोला असेल तर पत्र लिहू नका, पत्रात माणूस भांडतो. बरणी पाठवा. मी पाठवली. भाऊ दुसऱ्या दिवशी दारात! पुढे सोळा वर्षं आम्ही बरोबर मासे धरले. तो गेला गेल्या साली. त्याच्यासाठी भरलेली एक बरणी उरली होती, ती यांना आणली." आत्या न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसली. हॅडन दोन तास थांबले. जाताना म्हणाले, "हरकत नाही. मी येऊन गेलो एवढं सांगा."

डॉक्टर म्हणतात, एक्केचाळीस किलो वजन आहे, असंच चाललं तर काही आठवडे. काकू, तुम्हाला काही माहीत आहे का? मी आंधळ्यासारखी चाचपडते आहे.

जोसलिन


डेव्हनपोर्ट, १३ एप्रिल

एव्हिसताई,

तुम्ही मला खोटं लिहिलंत.

ब्रिगेडची नोंदवही माझ्याजवळ आहे, माझ्याच अक्षरातली. २:५१, फाटकाशी. ३:०४, "भरतोय." ३:२२, "अजून भरतोय, पाच मिनिटं." त्यापुढे काही नाही. मी त्याला अकरा वेळा हाका मारल्या, त्याही लिहिलेल्या आहेत.

काय भरत होता तो? तुमच्याकडे ना गुरं ना कोंबड्या. एक म्हातारी बाई आणि एक पिशवी, त्याला भरायला पन्नास मिनिटं?

चाळीस वर्षं दर गुरुवारी तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात यायचात. नवरा चिडका असेल तर काय, पोर आजारी असेल तर काय, स्वतःचीच लाज वाटत असेल तर काय, सगळं खरं सांगायचात. निम्म्या खोऱ्याने तुमच्या शब्दावर संसार केले. आणि आता मलाच तेवढं "वय झालं" सांगता?

जे आहे ते लिहा. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळू दे.

इल्मा


बेंडिगो, २१ एप्रिल

इल्मा,

लिहिते. हात भाजलाय, अक्षर लावून घे.

तो आला तेव्हा मी दारात पिशवी घेऊन उभीच होते. एवढं तरी खरं मान. औषधं, चष्मा, एक झगा. तो मला ओलांडून आत शिरला आणि म्हणाला, "ताई, वह्या कुठे आहेत?"

तेव्हा मी "राहू दे" म्हणायला हवं होतं. रोज सकाळी उठल्यापासून मी ते म्हणत असते. त्या दिवशी मी म्हणाले, "मागच्या खोलीत."

"शहात्तर सालची कुठली?"

"मी काय ग्रंथपाल आहे का? जागा दिसेल तिथे चिकटवलंय."

तो जमिनीवर बसला आणि एकेक वही उघडून बघायला लागला. बाहेर आभाळ पिवळं झालं होतं, पत्र्यावर काही तरी टपटप पडत होतं. मला वाटलं, बिचारा धुराने गोंधळला. तरी मी त्याला ऊठ म्हणाले नाही. आणि का ते सांगते, कारण हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मला बरं वाटत होतं. डोंगर पेटलाय, आणि एक माणूस माझ्या खोलीत बसून माझं लिखाण चाळतोय. नऊ वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं, इल्मा. दुकानात नव्या पोरी माझं नाव दोनदा विचारून घ्यायच्या. मी दाराला टेकून उभी राहिले आणि त्याला चाळू दिलं.

शेवटी तो म्हणाला, "जाऊ दे, सगळ्याच घेतो." एकतीस वह्या, दोन-दोन करून पिकअपच्या मागे नेऊन टाकल्या. आणि मी काय करत होते? सूचना देत होते. "त्या लाल वहीची शिवण सुटलीय, सांभाळून." हे माझे शब्द. तो म्हणाला, "हो, ताई."

वळणावर निलगिरीचं झाड आडवं पडलेलं होतं. मागे वळलो तर मागेही पेटलेलं. रस्त्याखाली पाण्याची मोरी आहे ना, तिच्यात त्याने मला ढकललं. गाडीवरच्या पिंपातलं पाणी ओतून ब्लँकेट भिजवलं आणि माझ्याभोवती गुंडाळलं. मी ओरडले, "तू?"

"दुसरं आहे मागे. आलोच."

ते दुसरं ब्लँकेट पिकअपच्या तळाशी होतं. त्याच्यावर एकतीस वह्या.

मोरीच्या तोंडातून मला फक्त त्याचे बूट दिसत होते. तो वह्या रस्त्यावर फेकत होता, त्यांचा आवाज येत होता. मी मोजत होते. एकोणीस मोजल्या. मग बूट दिसेनासे झाले.

आता रोज पोस्टमन वह्या आणून देतो. लोक प्रेमाने पाठवतात, मला कळतं. पण प्रत्येक पार्सल त्या ब्लँकेटवरच येऊन पडतं.

तुझी नेरिडा गेली तेव्हासुद्धा तू माझ्यापुढे रडली नाहीस. तुला मी ओळखते, तू शिवी दिलीस तर ती नीट देशील. दे. मी वाट बघते आहे.

एव्हिस


बेंडिगो, ९ मे

इल्माकाकू,

आत्याने मला सगळं सांगितलं. आता मी तिला काय समजावणार? मीच रेडिओवर जाऊन ती पार्सलं मागवली.

अडीच आठवडे झाले. पोस्टमनच्या वेळेला ती फाटकाशी जाऊन उभी राहते. पार्सलं येतात, तुमचं पत्र येत नाही. पोस्टमन बिचारा खिसे उलटे करून दाखवतो, "आजी, खरंच नाही हो." काल ती तिथेच खाली बसली. उचलली तर हाताला हाडंच लागली.

हवं ते लिहा. वाईट लिहा. पण लिहा. हात जोडते.

जोसलिन


डेव्हनपोर्ट, १६ मे

एव्हिसताई,

तुमचं पत्र वाचून मी समुद्रावर गेले आणि तुमच्या नावाने ओरडले. बहीण घाबरून मागे धावत आली. तीन आठवडे मी तुमचा असा द्वेष केला की घास गोड लागायचा. मग तो संपला. आणि द्वेष संपल्यावर खाली जे उरलं ते मला लिहायचं नव्हतं, म्हणून उशीर.

शहात्तर साल त्याला मी सांगितलं.

आमचं घर डोंगराच्या वरच्या धारेवर, ते दोन वाजताच गेलं. मी नेसत्या कपड्यांनिशी शेडमध्ये आले होते. तुम्ही नेरिडावर लिहिलं होतं, ती गेली त्या आठवड्यात. ते आमच्या स्वयंपाकघरात काचेत लावलेलं होतं, अठ्ठावीस वर्षं. फोटो होता, तो धूसर होता, त्यात ती डोळे मिटून उभी. पण तुमच्या त्या लेखात ती बोलायची. उलटे बूट घालून तुमच्या मागच्या दाराशी यायची आणि विचारायची, "आज तुमच्या घरी काय चुकलंय?" कारण तुम्ही तिला म्हणाला होतात, ज्या दिवशी काही चुकतं त्या दिवशी लिहायला मिळतं. तिचा आवाज मला आठवेनासा झाला होता, ताई. ते वाचलं की यायचा.

क्लॅरी दोन एक्कावन्नला बोलला तेव्हा मी त्याला म्हणाले, "आपलं घर गेलं. नेरी गेली भिंतीवरची. ताईंच्या शहात्तरच्या वहीत आहे ती. तेवढी आण." तो म्हणाला, "आणतो."

हे मी नोंदवहीत लिहिलं नाही. त्याचं बोलणं लिहिलं, माझं वगळलं. आणि मग तुम्हाला पत्रावर पत्र पाठवून पन्नास मिनिटं मागत बसले. तुम्ही लिहावं की गाडी बिघडली होती, एवढंच मला हवं होतं.

म्हणजे तो तुमचं लिखाण चाळत नव्हता. हे तुम्हाला लागेल, तरी लिहिते. तो आमची पोर शोधत होता.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. मला कुणी करावं असंही वाटत नाही. पण तुम्ही मेलात तर ती पन्नास मिनिटं मला एकटीला वाहावी लागतील, आणि ते मला जमणार नाही. तेव्हा जेवा.

आणि ती पार्सलं उघडा. कुणाकडे तरी असेल. त्या जाळलेल्या अकरांत असेल तर मी काय करेन, मला माहीत नाही. पण आधी बघा. तुम्ही स्वतः बघा, जोसलिनवर सोपवू नका. एक तरी मिळू दे.

इल्मा


बेंडिगो, १३ जून

प्रिय इल्मा,

जोसलिनने दोऱ्या कापल्या, मी वाचलं. आमचे सोळा दिवस यात गेले, कारण एका दिवसात मी फार वाचू शकत नाही. प्रत्येक कात्रणाबरोबर पत्र आहे आणि पत्र न वाचता पुढे जाणं मला जमेना. पहिल्या दिवशी जोसलिनने मला सूप दिलं आणि मी हरकत घ्यायची विसरले, तेव्हापासून ती रोज देते.

नेरिडा आठव्या पार्सलात मिळाली.

मी ते हातात धरून किती वेळ बसले कोण जाणे. जोसलिनने विचारलं, "आता थांबायचं ना?" थांबावंसं वाटत होतं. पण उरलेल्यांनी काय पाप केलं होतं? पुढचं उघडलं. चौदाव्यात ती पुन्हा निघाली. मग एकविसाव्यात. मग एकाच दिवसात तीन.

इल्मा, सतरा आहेत. कुणी मोरीत पडलेल्या माणसाने मोजावं तशी मी पुन्हा पुन्हा मोजली, सतराच आहेत. एका बाईने बायबलात ठेवलं होतं, ते घडीवर फाटलंय. एक दुधाने पिवळं पडलंय. एकाच्या मागे कुणीतरी वाणसामान लिहिलंय, आणि खाली, "हे फेकू नये." ते फडताळाचं दार आठवतं? त्याच्यावरही नेरिडाच आहे. त्या बाईंनी लिहिलंय, "माझी मुलगी असती तर हिच्याच वयाची असती. कपबशी काढताना रोज हिला 'काय गं' म्हणते." हॅडनने बरणीबरोबर एक पाकीट ठेवलं होतं, ते मी आत्ता उघडलं. त्यातही ती. हॅडन आपल्या ब्रिगेडच्या शेडपासून चौदा मैलांवर राहायचा तेव्हा.

सतरा घरांत तुझी पोर होती. क्लॅरीला कुणी सांगितलं असतं तर तो मला गाडीत घालून तडक निघाला असता. पण सांगणार कोण? मला माहीत नव्हतं. लोक आपल्याला कुठे कुठे जपून ठेवतात हे आपल्याला कधीच कळत नाही, आणि मी तर नऊ वर्षं रुसून बसले होते की कुणी जपलेलं नाही. याचं मी आता काय करू? सांगायला तूच एक आहेस.

जी अकरा जाळली त्यांची नावं मला माहीत नाहीत. त्यांची क्षमा मागायचीसुद्धा सोय नाही.

ही कात्रणं मी पोस्टाने पाठवणार नाही. त्या सतरा जणांना लिहिते आहे, की त्यांतलं एक तिच्या आईला हवं आहे. आतापर्यंत नऊ उत्तरं आली. नऊही जण म्हणतात, आमचं द्या.

तेव्हा कुठलं घ्यायचं ते तू येऊन ठरव. बोटीने ये, रेल्वेने ये, वाटेल तशी ये. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, समोर बसून वाच. मी अजून आहे.

एव्हिस